आईची डिस्क

त्या वर्षी गणपती गेले आणि पाठोपाठ आमचा कॉम्प्युटर गेला.

सकाळी बटण दाबलं, आतला पंखा घरघरला, पण पडदा काळा तो काळाच. मी कॅबिनेटची बाजू उघडली. मदरबोर्डवरचे नळकांड्यांसारखे छोटे कपॅसिटर फुगून वर आले होते आणि एकाच्या डोक्यातून तपकिरी चिकटा बाहेर आला होता. त्याला तरी काय दोष देणार? भिवंडीत, कामतघरला, आमच्या गल्लीत दोन्ही हातांना कापड विणणारे लूम. सगळे एकदम सुरू झाले की घरातले दिवे मान टाकायचे आणि एकदम बंद झाले की बल्ब डोळे वटारायचे. वर सुताची धूळ. पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसायचा तो मी दर महिन्याला खरवडून काढायची. असल्या ठिकाणी माणसं टिकली हेच नशीब, बोर्ड कुठून टिकणार.

मी तेव्हा निजामपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मशीन खोलणं, पार्ट बदलणं माझ्या डाव्या हाताचा मळ होता. दुसऱ्या कुणाचा कॉम्प्युटर असता तर ‘बोर्ड गेलाय, नवा टाका’ म्हणून मी मोकळी झाले असते. पण त्या सकाळी मी उघडा कॅबिनेट तसाच पुढ्यात घेऊन बसले. कारण त्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर आमची आई होती.

हे नीट सांगायला हवं. आम्ही आगरी. आमच्याकडे लग्नाच्या प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि धवले म्हणणारी बाई ती धवलारीण. ती म्हणायला लागली की हळद लागते, ती थांबली की सगळं थांबतं. आमची आई कामतघरपासून खारबावपर्यंतच्या घरांची धवलारीण होती. घरामागच्या शेडमध्ये बाबाचे लूम खडखडत असायचे आणि त्या खडखडाटाच्या वर आवाज काढून ती भाकऱ्या थापता थापता धवले म्हणायची. त्यामुळे साधं बोललेलंसुद्धा तिचं पलीकडच्या गल्लीत जायचं. तिनं कुणाला हळू आवाजात काही सांगितल्याचं मला आठवत नाही. गुपित तर तिच्याजवळ टिकायचंच नाही.

मी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्याबरोबर एक स्वस्तातला माइक आला होता. शुक्रवारी लूम बंद. गल्ली अशी गप्प व्हायची की आपल्याच कानांची शंका यावी. अशा एका शुक्रवारी मी आईला माइकसमोर बसवलं.

“या डब्याला म्हनून दाखवू?” ती म्हणाली. “डब्याचा लगीन हाय काय?”

पण एकदा स्वतःचा आवाज परत ऐकला आणि बाई अशा खूश झाल्या की विचारू नका. मग दर शुक्रवारी जेवण उरकलं की केस विंचरून, कुंकू सारखं करून खुर्चीत हजर. जणू कुणी बघायला येणार होतं. मध्येच तिला काही आठवायचं आणि हळदीच्या हातानं ती कीबोर्ड दाबून रेकॉर्डिंग थांबवायची. लांब पट्टीच्या बटणावरचा तो पिवळा डाग कधी निघाला नाही. असे करत करत तिचे जवळजवळ सगळे धवले त्या डिस्कवर उतरले.

मग तिला कावीळ झाली. ती उतरलीच नाही, आईच गेली.

आम्ही दोघी बहिणी. माझं लग्न झालं नाही, तो विषय वेगळा. धाकटी माझ्याहून बरीच लहान, आईच्या पदराला धरून वाढलेली. आईनं तिला लहानपणापासून सांगून ठेवलं होतं, ‘तुझ्या हल्दीला दुसरी कोन न्हाय, मीच म्हननार.’ आई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी तिचं लग्न ठरलं, माघातलं. दागिन्यांचं, साड्यांचं तिनं काही काढलं नाही. म्हणाली, “माझ्या हळदीला आईचा आवाज पाहिजे. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा.”

बाबानं तर व्याह्यांनाही सांगून टाकलं की आमच्या मंडपात तिचेच धवले लागतील. सांगताना त्याची मान अशी ताठ झाली होती की जणू आई आतल्या खोलीतच आहे. आमच्याकडे बापाला अहोजाहो करत नाहीत, म्हणून मी इथंही तसंच लिहितेय.

जुन्या कॉम्प्युटरला सीडी वाचता यायची, लिहिता यायची नाही. दसऱ्याच्या आत सीडी लिहिणारा ड्राइव्ह घ्यायचा आणि सगळे धवले सीडीवर उतरवून ठेवायचे, असं मी ठरवलंच होतं. तेवढ्यात बोर्डानं दगा दिला.

तसला बोर्ड भिवंडीत कुठं मिळेना. ज्याच्याकडे मी नेहमी जायचे तो दुकानदार हसला. म्हणाला, “मॅडम, वो जमाना गया. अब सब साटा है.” त्यानं खोक्यातून नवा बोर्ड काढून दाखवला. आमच्या जुन्या डिस्कची केबल चांगली बोटाच्या लांबीएवढी रुंद, राखाडी, पट्टीसारखी चपटी. नव्याची बारीक लाल, बुटाच्या नाडीएवढी. जुन्यात एका केबलवर दोन ड्राइव्ह लावायचे तर कोण मोठा कोण धाकटा ते पिनांवर टोपी बसवून ठरवावं लागे. नव्यात प्रत्येकाची केबल वेगळी, भांडणच नाही. नव्या बोर्डवर रुंद केबलसाठी एकच जागा ठेवली होती, ती आपली जुन्यांची सोय म्हणून, घरात म्हाताऱ्यांना कोपरा देतात तशी.

मी बोर्ड घेतला, साटाची नवी डिस्क घेतली, सीडी लिहिणारा ड्राइव्ह घेतला. खरं सांगायचं तर त्या खरेदीत मला आनंद झाला होता. नवं सामान हातात आलं की मला अजूनही होतो.

बाबाला नाही झाला. तो शेडमधून हात पुसत आला आणि जुना कॅबिनेट रिकामा होताना बघत उभा राहिला. मी एक एक वस्तू काढत होते, तो एक एक हातात घेऊन बघत होता. “ह्या चांगला हाय की,” प्रत्येकाला हेच. बाबाचे लूम त्याच्या बापाच्या वेळचे. त्यातला मूळचा पार्ट एक उरला असेल नसेल, पण लूम तेच. मशीन बदलायचं असतं हे त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही. दुरुस्त करायचं असतं, धुवायचं असतं, तेल द्यायचं असतं. मी जुना बोर्ड भंगारात टाकायला ठेवला तो त्यानं गपचूप उचलून शेडच्या फळीवर नेऊन ठेवला. मला दिसलं. त्याच्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

सगळं जोडून होईपर्यंत अष्टमीचा दिवस उजाडला. सीडीचा ड्राइव्हही रुंद केबलचाच, म्हणून संध्याकाळी मी तो काढून ठेवला आणि त्या एकुलत्या एक रुंद जागेवर आईची डिस्क जोडली. कॅबिनेटमध्ये ती बसेना, म्हणून बाहेर टेबलावर, एका पुठ्ठ्यावर ठेवली. बाबा माझ्या मागं उभा, बहीण माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून. सुरू केलं. डिस्क फिरायला लागली, कर्र कर्र असा आवाज करत. आणि पडद्यावर फोल्डर आला. आत सगळे धवले, एकाखाली एक.

मी पहिल्यावर क्लिक केलं.

आईनं आधी घसा साफ केला. मग म्हणायला लागली. तो आवाज त्या खोलीत भरला आणि आम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. धाकटी रडत होती ते तिची हनुवटी थरथरली त्यावरून मला कळलं. बाबानं पुढं होऊन खुर्ची ओढली आणि बसला. संपल्यावर म्हणाला, “परत लाव.” परत लावला. परत संपला, परत लाव. तो सांगेल तितक्यांदा मी लावला. का नाही लावणार? ती गेल्यापासून ते धवले लावायचा धीर कुणालाच झाला नव्हता, इतक्या महिन्यांनी ती बोलत होती.

मध्ये गाणं थांबलं तेव्हा बाबानं कान डिस्ककडे नेला. बराच वेळ ऐकत राहिला. “आवाज सुका येतोय हिचा,” म्हणाला. “कोरडी चालते.”

मी हसले. म्हटलं, “जुनी झाली ना, करते थोडी कुरकुर. तुझ्यासारखी.”

मग कॉपी करायला लावली. हिरवी पट्टी थोडीशी सरकली आणि लाइट गेली. लोडशेडिंग. त्या वर्षी भिवंडीत लाइट कधी जायची आणि कधी यायची ते फक्त तिलाच माहीत. नव्या डिस्कवर फोल्डरचं नुसतं नाव आलं होतं, आत काहीच नाही. वाट बघून बघून आम्ही झोपलो.

सकाळीही लाइट नव्हती आणि मला क्लासला जायचं होतं. आईची डिस्क टेबलावर उघडी ठेवायला माझं मन होईना. खंडेनवमी होती, घरात सगळी आवराआवर, झाडलोट चालणार. कुणाचा तरी धक्का लागेल. मी केबल काढली, डिस्क एका धुतलेल्या फडक्यात गुंडाळली आणि देवघराच्या फळीवर ठेवली, कारण तिथं आमच्याकडे विनाकारण कुणी हात लावत नाही. बाबा अंघोळ करून आला होता. त्याला म्हटलं, “बाबा, ही आई हाय. हितंच राहू दे.”

“हो बाय,” तो म्हणाला. “तू जा.”

खंडेनवमीला आमच्याकडे लूम बंद असतात. त्या दिवशी मशीनची पूजा. कामगार सकाळपासून लूमचे पार्ट रॉकेलनं पुसतात, आडवं सूत नेणारे धोटे काढून धुतात, जिथं जिथं तेलाचं भोक आहे तिथं कुपीनं तेल सोडतात. तेलाची भोकं चुकू नयेत म्हणून त्यांच्याभोवती लाल रंगानं गोल काढलेले असतात. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. बाबा प्रत्येक लूमसमोर हात जोडून उभा राहायचा आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचा. घरातली शिलाई मशीन, पाण्याचा पंप, सायकल, सगळ्यांना पूजा. कॉम्प्युटरलाही दरवर्षी कुंकू लागायचं. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटायचं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा लाइट होती. चप्पल काढली आणि थेट देवघराकडे गेले. फळीवर डिस्क होती. फडकं घडी करून शेजारी ठेवलेलं. डिस्क अशी चकचकीत की मला वाटलं दुसरीच आहे. तिच्यावर हळदकुंकवाची बोटं, वर एक झेंडूचं फूल. रॉकेलचा बारीक वास.

मी फूल बाजूला केलं. डिस्कच्या पाठीवर एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं, हवेसाठी. त्याच्याभोवती गोल काढलेला असतो आणि शेजारी बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे झाकू नका. त्या गोलाच्या आत तेल चमकत होतं.

बाबा शेडमधून आला. नवा सदरा, कपाळावर कुंकू. मला डिस्क हातात घेतलेली बघून त्याचा चेहरा उजळला.

“तेल दिला गो तिला,” म्हणाला. “थोडाच दिला, कुपीच्या टोकानं. काल कोरडी चालत होती ना. आता बघ कशी म्हनते.”

मी तापट आहे, आख्खी गल्ली सांगेल. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण तो समोर उभा होता, हात पुसलेले, खुर्ची ओढून ठेवलेली. त्याला आईचं ऐकायचं होतं. त्यासाठी त्यानं सकाळपासून वाट बघितली होती. आयुष्यभर जे काम त्याला सगळ्यात चांगलं येत होतं ते त्यानं आईसाठी केलं होतं. मी मुकाट्यानं डिस्क जोडली.

ती फिरायला लागली. कर्र कर्र नाही, आता ओला, जड असा आवाज. मग टक, टक, टक. मग गप्प. पडद्यावर काही आलं नाही. मी परत सुरू केलं. परत टक, टक. धाकटी स्वयंपाकघरातून आली आणि दारात उभी राहिली.

“काय जाला?” बाबानं विचारलं.

“गेली,” मी म्हटलं. “जुनी होती, बाबा. तिचं होत आलं होतं. काल शेवटचं चालली.”

“मी तेल दिला तरी?”

“तेलाचा काही संबंध नाही. आतून गेली.”

त्यानं मान हलवली. खुर्ची परत भिंतीला लावली आणि शेडमध्ये गेला. ही थाप मी विचार करून मारली नव्हती. ती तोंडातून निघाली, आणि एकदा निघाल्यावर मी तिला घट्ट धरून राहिले. आजही तीच मारीन.

दसरा झाल्यावर मी डिस्क मुंबईला घेऊन गेले. असल्या डिस्कमधला माल बाहेर काढून देणारा एक माणूस होता, त्याचा पत्ता क्लासमधून मिळाला होता. त्यानं हातमोजे घालून काचेच्या पेटीत डिस्क उघडली. आत गोल तबकड्या असतात, इतक्या गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं. त्यावर तेलाचा तवंग पसरला होता, आणि तबकडी फिरताना त्यावरचा काटा घसरून बारीक चरे पडले होते.

“इसमें तेल कहाँ से आया?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, “घर में था.” दुसरं काय सांगणार होते?

तो मान हलवत राहिला. म्हणाला, नाही होणार. मी विनवलं, एक तरी गाणं निघालं तर बघा, अर्धं निघालं तरी चालेल. तो भला माणूस होता, त्यानं दोन दिवस ठेवून घेतली. पण काही निघालं नाही. झाकण लावून त्यानं ती माझ्या हातात दिली. परतीच्या बसमध्ये मी ती पर्समध्ये ठेवली नाही, मांडीवर धरून बसले. आई दुसऱ्यांदा गेली असं लोक म्हणतात तेव्हा मला पूर्वी ते नाटकी वाटायचं. त्या दिवशी बसमध्ये मी तोंडाला पदर लावून रडले, आणि शेजारच्या बाईनं मला खिडकीजवळची जागा दिली.

घरी आल्यावर धाकटीनं मला फैलावर घेतलं. तिला खरं माहीत नव्हतं. तिचं म्हणणं सरळ होतं. डिस्क चांगली चालत होती. ताईला नवीन सामानाचं वेड. हिनं खोललं, हिनं जोडलं, हिनं काढलं आणि हिनंच बिघडवलं. “एवढी शिकवतेस ना लोकांना,” ती म्हणाली, “मग आईला एक दिवस सांभाळता आली नाही तुला?”

जिभेवर आलं होतं, विचार बाबाला. पण बाबा तिथंच दारात उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “हो. माझंच चुकलं.”

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. कामापुरतं, तेही बाबाच्या मार्फत. ‘ताईला सांग, शिंप्याकडे जायचंय.’ मी त्याच खोलीत बसलेली असायची. पोरगी सासरी जायची आणि घरात असा अबोला. मला त्याचा फार त्रास झाला. तिच्या लग्नाच्या साड्या मी एकटीनं दुमडल्या, आणि दुमडताना मनात तिला हव्या तेवढ्या शिव्या दिल्या.

जुना कॅबिनेट एका शुक्रवारी भंगारवाल्यानं नेला. हळदीचा डाग असलेला कीबोर्ड मी दिला नाही. राखाडी रुंद केबल बाबानं ठेवून घेतली. नवा कॉम्प्युटर कोपऱ्यात निमूटपणे चालायचा, कुरकुर नाही, काही नाही. मला त्याचा राग यायचा.

माघात मंडप पडला. धवलारीण म्हणून खारबावची म्हातारी आली. ती आणि आई कितीतरी लग्नांत शेजारी बसून म्हणाल्या होत्या. हळदीच्या दिवशी बायका जमल्या, धाकटीला पाटावर बसवलं. आमच्याकडे पहिली हळद आई लावते. आई नाही म्हणून मोठी बहीण. मी वाटी घेऊन पुढं झाले.

धाकटीनं हात मागं घेतला.

“हिच्या हातची नको,” ती म्हणाली. सगळ्यांसमोर. “हिनं माझ्या हळदीतून आईला घालवली. हिचा हात नको.”

म्हातारी धवलारीण एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. तोंडात मारल्यासारखी मी उभी. पुरुष मंडळी मंडपाच्या कडेला होती. त्यांच्यातून बाबा आला. हळदीला बायकांच्या घोळक्यात पुरुष शिरत नाहीत. तो शिरला.

“तिनं न्हाय केला,” बाबा म्हणाला. “मी केला. मी तेल घातला आईच्या डिस्कीत. खंडेनवमीला. तुझी ताई मना सांभालते.”

एवढंच बोलला आणि वळून शेडकडे चालायला लागला.

धाकटी पाटावर तशीच बसली. मग एकाएकी उठली. हळदीला बसलेल्या नवरीनं पाट सोडायचा नसतो. बायका ‘गो, बस, बस’ म्हणत राहिल्या, म्हातारीनं हात आडवा घातला, पण ती कुणाचं ऐकणारी नव्हती. आईवरच गेली आहे. ती शेडकडे धावली आणि वाटी हातात तशीच घेऊन मी तिच्या मागं.

लग्नासाठी लूम बंद ठेवले होते. बाबा दोन लूमच्या मधल्या बाकड्यावर बसला होता. आम्हाला बघून त्यानं तोंड फिरवलं. धाकटी त्याच्यापुढं जमिनीवर बसली.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“तू मुंबईवरना आनलीस तवाच,” तो म्हणाला. “तू क्लासला गेलीस तवा खोलली मी. आत नुसता तेल. माझाच तेल, वासावरना वलखला.” बाकड्यावरची तेलाची कुपी त्यानं बाजूला सारली. “तुला बोलनार होतो. तू सांगतेस जुनी होती, मी म्हटला, बरा. जुनीच होती म्हनू. पन हिनं तुझा हात झिडकारला ना गो.”

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. तिनं माझ्या हातातली वाटी घेतली, त्यात बोटं बुडवली आणि माझ्या मनगटाला हळद लावली, मग बाबाच्या हाताला. बाबाच्या हातांच्या रेषांत तेल मुरलेलं, ते कुठल्याच साबणानं निघत नसे. हळद त्यावर धड बसेना. ती परत परत लावत राहिली आणि रडत राहिली. मीही रडले. मंडपातून बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी हाका मारत होतं.

“बाबा,” धाकटी म्हणाली, “तू म्हण ना. पहिला धवला. तू रोज ऐकलायस. एकदा म्हण, इथंच म्हण, मग मी जाते पाटावर.”

बाबानं तोंड उघडलं. घसा साफ केला, अगदी आईसारखाच. ओठ हलले. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. त्यानं मान खाली घातली.

“मना न्हाय येत गो,” तो म्हणाला. “मी नुसता ऐकत आलो.”